गाण्याला बक्षीस, माणसाला शिवी!

११ जानेवारी २०२६ रोजी प्रशांत तमांग यांचे दिल्लीत निधन झाले. वय अवघे ४३ वर्षांचे. आमच्या वाचकांपैकी अनेकांना हे नाव चटकन आठवणार नाही. २००७ साली सोनी वाहिनीवरील ‘इंडियन आयडॉल’ या गाण्याच्या स्पर्धेचे तिसरे पर्व जिंकणारा दार्जिलिंगचा पोलीस शिपाई, असे सांगितले तर काहींच्या डोळ्यांपुढे चेहरा येईल. टीव्हीवरच्या एका गायकाच्या मृत्यूवर चळवळीच्या दैनिकाने का लिहावे, असा प्रश्न कुणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या तरुणाने ती स्पर्धा जिंकल्यानंतर आठवडाभरात जे घडले, त्यात या देशातील जातिव्यवस्थेचा स्वभाव उघडा पडला होता. ते विसरणे आपल्याला परवडणारे नाही.

प्रशांत यांचा जन्म ४ जानेवारी १९८३ रोजी दार्जिलिंगमध्ये झाला. वडील कोलकाता पोलिसात नोकरीला होते. वडिलांचा अपघाती मृत्यू झाला आणि घरची सगळी जबाबदारी पोराच्या खांद्यावर आली. शिक्षण सोडून प्रशांत वडिलांच्या जागी शिपाई म्हणून भरती झाले. ही कथा आमच्या वाचकांना परकी वाटणार नाही. गिरणीत, रेल्वेत, नगरपालिकेत, पोलिसात बापाच्या जागी पोराने लागायचे आणि शिकण्याचे वय पगाराच्या तारखेला बांधून टाकायचे, हे आपल्या किती घरांत घडले आहे! प्रशांत यांची गाण्याची हौस मात्र मेली नाही. पोलिसांच्या ऑर्केस्ट्रात ते गात राहिले आणि तिथूनच स्पर्धेच्या चाचणीपर्यंत पोहोचले.

त्या पर्वाला अनू मलिक, जावेद अख्तर, उदित नारायण आणि अलिशा चिनॉय परीक्षक होते. सुरुवातीच्या फेऱ्यांत परीक्षक निवड करीत आणि पुढे प्रेक्षकांनी मोबाइलवरून एसएमएस पाठवून गायक निवडायचा, असा स्पर्धेचा नियम होता. हा नियम कुणी दार्जिलिंगवाल्यांनी केलेला नव्हता. वाहिनीने केला, मोबाइल कंपन्यांनी तो उचलून धरला. नेहमीच्या एसएमएसपेक्षा या मताचा दर जास्त होता आणि आलेला पैसा कंपनी आणि वाहिनी वाटून घेत होत्या. एका माणसाने किती मते द्यावीत याला बंधन नव्हते. खिशात पैसा आहे तोपर्यंत मत आहे!

या बाजारात दार्जिलिंगच्या डोंगरातील माणसे उतरली. चहामळ्यातील मजूर, टॅक्सीचालक, शाळकरी मुले, निवृत्त सैनिक अशा सर्वांनी प्रशांतसाठी कंबर कसली. गावोगाव फॅन क्लब निघाले, वर्गण्या जमल्या, फोनच्या बूथवर रांगा लागल्या. या उत्साहामागे काय होते ते समजून घेतले पाहिजे. १८३५ साली इंग्रजांनी दार्जिलिंगचा डोंगर सिक्कीमच्या राजाकडून घेतला, पुढे तिथे चहाचे मळे उभे केले आणि नेपाळच्या पूर्व भागातून मजूर आणले. मळे फुलले, चहा जगभर गेला, मजूर मजूरच राहिला. डोंगराचा कारभार वेगळा करावा ही मागणी १९०७ सालापासून होत आहे. स्वातंत्र्यानंतरही तिथला माणूस मैदानात उतरला की त्याला ‘नेपाळहून कधी आलास?’ असे विचारले जाते. त्याची नेपाळी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत यायला १९९२ साल उजाडावे लागले. १९८६ ते १९८८ या काळातील गोरखालँडच्या आंदोलनात बाराशेहून अधिक माणसे मेली आणि हाती एक डोंगरी परिषद आली. ज्यांना शंभर वर्षे कुणी मोजलेच नाही, त्यांना पहिल्यांदाच देशाच्या पडद्यावर आपला आकडा वर चढताना दिसला. मग त्यांनी पोटाला चिमटा घेऊन एसएमएस का पाठवू नयेत?

आणि हे फक्त दार्जिलिंगचे नाही. २००५ साली ‘फेम गुरुकुल’मध्ये श्रीनगरचा काझी तौकीर जिंकला. त्याच सुमारास ‘सारेगमप’च्या स्पर्धेत आसामच्या सिलचरचा देबोजित साहा जिंकला. ज्या प्रदेशांची आठवण दिल्लीला बंदोबस्त पाठवतानाच येते, त्या प्रदेशांनी टीव्हीच्या मतपेटीतून आपण आहोत असे ओरडून सांगितले. प्रशांत यांच्यासमोर अंतिम फेरीत उभा असलेला अमित पॉल हाही शिलाँगचा. खासी आणि बंगाली यांच्यातील तेढीने अनेक वर्षे धुमसलेल्या त्या शहरात एका बंगाली मुलासाठी सगळे समाज एकत्र आले आणि मेघालय सरकारने त्याला शांतता व सलोख्याचा दूत नेमले. गाण्यात माणसे जोडण्याची ताकद आहे, हे आम्ही नाकारत नाही.

२३ सप्टेंबर २००७ रोजी निकाल लागला. अंतिम फेरीत सुमारे सात कोटी मते पडल्याचे सांगण्यात आले. प्रशांत तमांग विजयी झाले. डोंगरात दिवाळी झाली.

ती दिवाळी फार दिवस टिकली नाही. लगेचच दिल्लीतील एका खासगी एफएम केंद्राच्या निवेदकाने या विजयावर शेरेबाजी केली. गुरखेच आता गायक झाले, तर आपल्या घरांची आणि दुकानांची राखण करायची कुणी, अशा अर्थाचा तो विनोद होता. स्टुडिओत बसलेल्या माणसाला ती गंमत वाटली. डोंगरातल्या माणसाला ती थोबाडीत बसली. २८ सप्टेंबरला सिलिगुडीत निषेधासाठी लोक जमले, त्याचे पर्यवसान दंगलीत झाले. वाहने जळाली, माणसे जखमी झाली, संचारबंदी लावावी लागली, लष्कराला बोलवावे लागले. पुढे माफी मागितली गेली. पण शब्द आपले काम करून गेला होता.

आमच्या मते, साऱ्या प्रकरणाचे मर्म त्या एका शब्दात आहे. चौकीदार! चौकीदारी हे काम वाईट आहे काय? मुळीच नाही. रात्रभर जागून दुसऱ्याच्या मालमत्तेचे रक्षण करणे हे सचोटीचे काम आहे. मग त्या कामाचे नाव शिवी कसे होते? एखाद्या समाजातील काही माणसे पोटासाठी एक काम करतात म्हणून त्या समाजाच्या प्रत्येक माणसाच्या कपाळावर ते काम गोंदले जाते, तेव्हा ती शिवी होते. बापाने केले, पोरानेही तेच करावे. गायला लागला तर हसावे, शिकायला लागला तर चिडावे. बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिनिर्मूलन’मध्ये दाखवून दिले की जात म्हणजे केवळ कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांनाच वेगवेगळ्या कप्प्यांत कोंडणे आहे. एफएम केंद्रावरचा तो निवेदक कदाचित स्वतःला आधुनिक समजत असेल. इंग्रजी-हिंदी मिसळून बोलत असेल. त्याच्या तोंडून बोलली ती मनुस्मृतीच!

आपल्याला हे दुसऱ्या कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्राच्या गावात वेशीवर उभा राहून गावाची राखण करणारा वेसकर कोण होता? महार होता. सांजेला वेस लावायची त्याने, परक्या माणसाला हटकायचे त्याने, सरकारी खजिना पोहोचवायचा त्याने, आणि हद्दीचा तंटा झाला तर साक्षही द्यायची त्यानेच. साऱ्या गावाचा विश्वास त्याच्यावर. पण वेशीच्या आत घर बांधायला त्याला मनाई. विश्वासाच्या कामाला हा माणूस चालतो, बरोबरीने बसायला चालत नाही, ही या व्यवस्थेची जुनी तऱ्हा आहे. त्या राखणदारीच्या बदल्यात भाकरतुकडा आणि वतनाची जमीन देऊन समाजाला पिढ्यान्पिढ्या गावकीला जुंपून ठेवले होते. म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. वतन म्हणजे मान नव्हे, वतन म्हणजे बेडी आहे, हे त्यांनी समाजाला पटवून दिले. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ती वेस राखली, त्यांना दार्जिलिंगच्या माणसाचे दुःख कळणार नाही तर कुणाला कळणार?

याच देशात २०१९ सालच्या लोकसभा निवडणुकीत पंतप्रधानांपासून मंत्र्यांपर्यंत अनेकांनी समाजमाध्यमांवर स्वतःच्या नावाआधी ‘चौकीदार’ लावून घेतले होते. निकाल लागला आणि ते काढूनही टाकले. ज्याला शब्द हवा तेव्हा लावता येतो आणि नको तेव्हा काढता येतो, त्याच्यासाठी तो दागिना असतो. प्रशांत तमांग यांना तो काढता आला नाही. सात कोटी मतांच्या स्पर्धेतला विजयही त्यांच्या कपाळावरचा तो शब्द पुसू शकला नाही.

आणखी एक आरोप त्या वेळी जोरात झाला. प्रशांत चांगले गातात म्हणून जिंकले नाहीत, त्यांच्या लोकांनी मते दिली म्हणून जिंकले. गुणवत्तेचा खून झाला! हा सूर आपल्या ओळखीचा आहे. वर्षभरापूर्वीच, २००६ साली, ओबीसींना केंद्रीय शिक्षणसंस्थांत आरक्षण देण्याच्या निर्णयाविरुद्ध दिल्लीत डॉक्टरांचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. तेव्हाही गुणवत्तेचाच गळा काढला होता. आम्ही स्पष्ट सांगतो. त्या स्पर्धेत प्रशांत यांच्यापेक्षा तयारीचे गळे असतीलही. ज्याला लहानपणापासून गुरू मिळाला, हार्मोनियम मिळाली, रियाजाला वेळ मिळाला, त्याची तान अधिक सुबक असणारच. पण मते मोजून विजेता ठरवायचा हा नियम ज्यांनी केला, त्यांनीच निकाल लागल्यावर तक्रार करावी? महानगरांतून मते पडली की ती लोकप्रियता आणि डोंगरातून पडली की प्रांतवाद, हा कुठला न्याय? खेळ तुमचा, नियम तुमचे, नफाही तुमचा. फक्त जिंकणारा आमच्यातला निघाला की खेळच खोटा!

पण इथे आपण स्वतःलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. एसएमएसची मतपेटी आणि राज्यघटनेची मतपेटी यांत फरक काय? बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली, तेव्हापासून प्रौढ मताधिकार घटनेत येईपर्यंत तीस वर्षे झगडा झाला. त्या मताची किंमत पैशात नाही. कोट्यधीशाला एक मत आणि चहामळ्यातील मजूर बाईलाही एकच मत. एसएमएसचे मत याच्या नेमके उलट. ज्याच्याकडे पैसा त्याला हवी तितकी मते. गरिबाला बरोबरी करायची तर त्याने उपाशी राहून मते विकत घ्यायची. दार्जिलिंगच्या माणसांनी ती घेतली. त्या पैशातून प्रशांत यांना मुकुट मिळाला, कंपन्यांना नफा मिळाला. मत देणाऱ्या मजुराला एका रात्रीचा अभिमान मिळाला आणि त्यावर शिवी मिळाली. त्या अभिमानाला आम्ही हसत नाही. पण जी भूक राजकीय हक्काने भागायची, ती टीव्हीच्या पडद्यावर भागवण्याचा बाजार मांडला गेला, हे सांगितलेच पाहिजे.

या प्रकरणाचा राजकीय शेवटही उद्बोधक आहे. प्रशांत यांच्या प्रचारात पुढे असलेले बिमल गुरुंग यांनी ७ ऑक्टोबर २००७ रोजी, म्हणजे निकालानंतर अवघ्या दोन आठवड्यांत, गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला. लोकांची भावना ओळखण्यात कमी पडलेल्या सुभाष घिसिंग यांचे वीस वर्षांचे वर्चस्व काही महिन्यांत कोसळले. एका गाण्याच्या स्पर्धेतून पक्ष जन्माला आला आणि डोंगराचे राजकारण पालटले! २०११ साली करार होऊन नवे स्वायत्त प्रशासन आले. २०१७ साली पुन्हा १०४ दिवसांचा बंद झाला, माणसे मेली. स्वतंत्र राज्य काही मिळाले नाही. एका नेत्याच्या जागी दुसरा आला, जयजयकाराचे नाव बदलले, मळ्यातील मजुराच्या मजुरीचा प्रश्न तिथेच राहिला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणातील भक्ती अधोगतीकडे नेते. गायकाचा फॅन क्लब शोभून दिसतो. राजकीय पक्षाचा फॅन क्लब झाला की समाजाचे वाटोळे होते. हा धडा दार्जिलिंगने घ्यावाच. पण गटातटांत विभागलेल्या आणि आपापल्या नेत्याच्या पोस्टरखाली उभ्या असलेल्या आपल्या चळवळीने तो आधी घ्यावा.

अपमानित समाजाच्या पोटातही एक उतरंड असते, हेही सांगायला हवे. नेपाळच्या १८५४ च्या मुलुकी ऐन या कायद्याने सगळ्या जातिजमातींची वरपासून खालपर्यंत मांडणी करून ठेवली होती. त्यात तमांग समाजाला गुलाम करता येण्याजोग्या गटात टाकले होते. भारतात या समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला. त्या उतरंडीत तमांगांच्याही खाली कामी, दमाई, सार्की होते. त्यांच्या माथी अस्पृश्यता मारली होती. पश्चिम बंगालमध्ये ते आज अनुसूचित जातींत मोडतात. यांतील दमाई म्हणजे कपडे शिवणारा आणि लग्नकार्यात वाद्ये वाजवणारा समाज. ज्याच्या वाजंत्रीशिवाय लग्न लागत नाही, त्याला घरात घेत नाहीत! आपल्याकडे मांग-गारुड्यांच्या हलगीचे आणि डफाचे जे झाले, तेच तिथे दमाईंच्या वाद्यांचे झाले. ‘आम्हाला चौकीदार म्हणू नका’ असे सांगणाऱ्या गोरखा बांधवांनी दमाईला दमाई म्हणून हिणवणेही थांबवले पाहिजे. सन्मानाची लढाई अर्धी लढता येत नाही. हा प्रश्न आम्ही त्यांना आपुलकीने विचारतो, कारण आपल्या पोटजातींच्या भिंती आपणही अजून पुरत्या पाडलेल्या नाहीत.

स्पर्धेनंतर प्रशांत यांचे काय झाले? ‘धन्यवाद’ हा अल्बम निघाला. देशविदेशांत नेपाळी भाषकांच्या कार्यक्रमांत ते गात राहिले. २०१० च्या ‘गोरखा पलटन’ या नेपाळी चित्रपटाने त्यांना नायक म्हणून उभे केले, पुढे आणखी चित्रपट मिळाले. ज्या मुंबईच्या मंचाने त्यांना देशाचा आयडॉल ठरवले, त्या मुंबईच्या हिंदी पार्श्वगायनात मात्र त्यांना ठळक जागा मिळाली नाही. पुन्हा देशभर चर्चा झाली ती जानेवारी २०२५ मध्ये, ‘पाताल लोक’ या मालिकेच्या दुसऱ्या भागात नागालँडच्या कथानकातील मारेकऱ्याची भूमिका केल्यावर. म्हणजे अठरा वर्षांनी या व्यवस्थेला त्यांचा चेहरा आठवला, आवाज आठवला नाही. तरीही त्यांनी गाणे सोडले नाही. ज्या अपमानावरून शहर पेटले, त्याचे भांडवल करून पुढारी होण्यापेक्षा त्यांनी गाण्या-अभिनयाचीच वाट धरली. त्यांच्या माणुसकीची ही बाजू आम्हाला मोठी वाटते.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या वस्त्यांत गळ्यांची कमतरता कधीच नव्हती. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची गाणी कुठल्या एसएमएसवर मोठी झाली नाहीत. सतरंजीवर बसलेल्या माणसांनी ती मोठी केली. जलसाकाराला परीक्षक गुण देत नव्हता. गाणे ऐकून माणसे दुसऱ्या दिवशी पोराला शाळेत घालत होती, हाच त्याचा निकाल होता. आज आपली मुले-मुली मोठ्या आशेने वाहिन्यांच्या चाचण्यांना रांगा लावतात. त्यांनी जरूर जावे. उत्तम तयारी करून जावे, जिंकून यावे. ज्या मंचाचे दार आजवर बंद होते, त्यावर हक्क सांगणे हीसुद्धा समतेचीच लढाई आहे. परंतु तीन गोष्टी गाठीशी बांधून जावे. मंच देणारा व्यापारी आहे. पुढच्या पर्वात त्याला नवा चेहरा लागणार आहे. आपल्यासाठी वस्तीतल्या आयाबाया जो पैसा मोबाइलवर खर्च करतील, त्यातून एखादी अभ्यासिका उभी राहिली असती, याचे भान ठेवावे. आणि आपण कुठल्या वस्तीतून आलो हे सांगण्याची वेळ आली, तर आवाज खाली करू नये.

मुकुट मिळाला म्हणजे मान मिळाला, अशी समजूत करून घेण्याची चूक आपण करू नये. मुकुट एका माणसाला मिळतो, शिवी साऱ्या समाजाला बसते. त्या शिवीला उत्तर आणखी एका मुकुटाने देता येत नाही. ते शिक्षणाने, संघटनेने आणि घटनेने दिलेल्या त्या एका मताने द्यावे लागते. त्या मताला जादा दराचा एसएमएस लागत नाही.

वडिलांच्या जागी शिपाई म्हणून उभे राहिलेल्या आणि तरीही गात राहिलेल्या प्रशांत तमांग यांना आमचे विनम्र अभिवादन!